त्याच माउंटवर

कॅमेऱ्याची कंपनी बदलणे म्हणजे एक वस्तू विकून दुसरी आणणे एवढाच व्यवहार असता, तर त्याचा निर्णय घ्यायला मला इतके महिने लागले नसते. मोबाइल बदलला, की जुन्यातले सगळे नव्यात येऊन बसते. कॅमेऱ्याचे तसे नसते. बॉडीच्या तोंडाशी धातूची जी गोल कडी असते तिला माउंट म्हणतात, आणि तिच्यावर त्या माउंटसाठी घडवलेल्या लेन्सच नीट बसतात. बॉडी पाच-सहा वर्षांत जुनी वाटू लागते. लेन्स सांभाळून वापरली तर वीस वर्षे साथ देते. म्हणून छायाचित्रकाराचा पैसा वर्षागणिक बॉडीकडून लेन्सकडे सरकत जातो, आणि ज्या दिवशी तो माउंट सोडायचा विचार करतो, त्या दिवशी बॉडीबरोबर हे सगळे साठवलेलेही सोडायची तयारी त्याला ठेवावी लागते.

मी मायक्रो फोर थर्ड्स या माउंटवर काम करते. ओएम-१ ही बॉडी, पक्ष्यांसाठी ३०० मिमी एफ/४, बेडूक आणि कीटकांसाठी ६० मिमी मॅक्रो आणि एरवीसाठी १२-४० मिमी, एवढा माझा संसार आहे. लेन्सचा मिमीचा आकडा जितका मोठा तितके दूरचे जवळ येते, आणि एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त आत येतो. राहते पुण्यात, पावसाळ्यात आंबोली, हिवाळ्यात भिगवण आणि जूनच्या सुरुवातीला नवरंग या पक्ष्याच्या शोधात कोकणातले एखादे दाट रान, अशी माझी वर्षाची फेरी असते. या तीन जागांची नावे आधीच सांगते, कारण राहायचे की सोडायचे हा प्रश्न माझ्यापुरता शेवटी त्या तीन ठिकाणच्या उजेडातच सुटला.

प्रश्नाची सुरुवात मात्र जपानमधल्या एका बातमीने झाली होती. मायक्रो फोर थर्ड्स हे मानक ऑलिंपस आणि पॅनासॉनिक या दोन कंपन्यांनी मिळून २००८ मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी१ हा पहिला कॅमेरा बाजारात आला. आत आरसा नसल्याने बॉडी लहान, आणि प्रकाश टिपणारा सेन्सर १७.३ गुणिले १३ मिमीचा असल्याने लेन्सही लहान, हे त्यामागचे गणित होते. मग २४ जून २०२० रोजी ऑलिंपसने आपला कॅमेरा विभाग जपान इंडस्ट्रियल पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेला देणार असल्याचे जाहीर केले. सोनीचा व्हायो लॅपटॉपचा व्यवसाय २०१४ मध्ये याच संस्थेने घेतला होता. १ जानेवारी २०२१ पासून कॅमेऱ्यांचे काम ओएम डिजिटल सोल्युशन्स या नव्या कंपनीकडे गेले. २०२२ मध्ये आलेल्या ओएम-१ च्या कपाळावर ऑलिंपसचे नाव होते. २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या पुढच्या आवृत्तीवर ते उरले नाही.

माझा भाचा लग्नसमारंभांचे फोटो काढतो आणि सोनी वापरतो. विभाग विकण्याची ती बातमी आली त्या दिवशीच त्याचा फोन आला. "मावशी, आता तरी बदल. अजून किंमत येतेय तोवर विकून टाक." त्याच्या बोलण्यात मला शहाणे करून सोडण्याचा आव नव्हता, खरी काळजी होती. त्याचे धंद्याचे गणित वेगळे आहे आणि त्यात तो बरोबरही आहे. मंगल कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांत, एकदाच घडणाऱ्या क्षणांचे फोटो काढणाऱ्याला मोठा सेन्सर आणि गावोगावी मिळणाऱ्या सुट्या वस्तू हव्याच. पण त्याच्या सांगण्यामागची भीती मला तपासून पाहावीशी वाटली: कंपनी बुडाली तर आपले काय होणार?

या भीतीला बाजाराचा मोठा आधार आहे. कॅमेरा उत्पादकांच्या सिपा या जपानी संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले गेले. २०२० मध्ये हा आकडा ९० लाखांच्याही आत आला. ज्यांना फक्त आठवण जपायची होती ते सगळे मोबाइलकडे गेले. अशा बाजारात एखादी कंपनी गळाली तर नवल वाटायला नको. पण इतिहास जरा मागे जाऊन पाहिला तर दुसरी एक गोष्ट दिसते, आणि ती भीतीच्या चर्चेत क्वचितच येते. माउंट बंद होण्यासाठी कंपनी लहान किंवा अडचणीत असावी लागत नाही. निकॉनने २०११ मध्ये निकॉन १ ही मिररलेस मालिका आणली आणि २०१८ मध्ये बंद केली. कॅननने २०१२ मध्ये ईओएस एम आणले आणि २०२३ पर्यंत गुंडाळले. सॅमसंगसारख्या अवाढव्य कंपनीने २०१४ मध्ये एनएक्स१ हा काळाच्या पुढचा म्हणावा असा कॅमेरा काढला आणि थोड्याच वर्षांत कॅमेऱ्यांच्या व्यवसायातून अंग काढून घेतले. त्याआधी १९८७ मध्ये कॅननने एफडी माउंट सोडून ईएफ आणले, तेव्हा आधीच्या लेन्स बाळगणाऱ्यांची किती अडचण झाली असेल याची कल्पना करता येते. या चारही वेळी कंपनी शाबूत राहिली, माउंट मात्र गेले. तेव्हा मोठ्या नावाच्या सावलीत गेले की लेन्स सुरक्षित, हे गृहीत धरणे मला पटले नाही.

शिवाय मायक्रो फोर थर्ड्स हे एका कंपनीच्या मालकीचे घर नाही. पॅनासॉनिकने २०१८ मध्ये लायका आणि सिग्मा यांच्याबरोबर फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, एल माउंटची वाट धरली, हे खरे; तिचे अधिक लक्ष तिकडे आहे, हेही उघड आहे. तरी २०२३ मध्ये तिने जी९ मार्क २ आणला आणि त्यात हलत्या वस्तूवर चटकन बसणारे फेज डिटेक्शन फोकस दिले, म्हणजे दाराला कडी लावलेली नाही. आणि समजा, उद्या दोन्ही कंपन्या थांबल्या, तरी माझ्या हातातला कॅमेरा त्या दिवशी बंद पडणार नाही. मुंबईच्या बोरा बाजारात आजही पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीचे फिल्म कॅमेरे दुरुस्तीला येतात. डिजिटल कॅमेऱ्यांच्या बाबतीत मात्र इतके निश्चिंत राहता येत नाही, कारण त्यांची आतली इलेक्ट्रॉनिक पाटी कारागिराला घासूनपुसून चालू करता येत नाही आणि बॅटरी त्या त्या मॉडेलसाठी घडवलेलीच लागते. भीती बाळगायचीच असेल तर ती बॅटरी आणि सुट्या भागांची बाळगावी. ब्रँडचे नाव पुसले जाण्याची नको. एवढे मनाशी पक्के झाल्यावर भाच्याच्या फोनने आलेली अस्वस्थता बरीचशी निवळली.

मग खरा प्रश्न समोर आला: मी जे फोटो काढते, ते दुसऱ्या माउंटवर अधिक चांगले निघतील का?

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर सेन्सरच्या आकारावर दिले जाते. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिमीचा, म्हणजे ८६४ चौरस मिमी. माझा सुमारे २२५ चौरस मिमी. जवळजवळ चौपट फरक. चौपट क्षेत्रफळ म्हणजे चौपट प्रकाश, म्हणजे दोन स्टॉपचा फायदा (प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप धरतात), म्हणजे कमी उजेडात फोटोत कमी दाणे, म्हणजे कमी खरखरीतपणा, असे हे गणित सांगितले जाते. ते चुकीचे नाही. पण त्यात एक अट लपलेली असते आणि ती अट पाठीवर वाहून न्यावी लागते. दोन्ही कॅमेऱ्यांवर लेन्सचा एफ आकडा सारखा असेल, तरच हा दोन स्टॉपचा फरक मिळतो. माझी ३०० मिमी एफ/४ जेवढे दृश्य पकडते, तेवढेच फुल फ्रेमवर पकडायला ६०० मिमीची लेन्स लागते; आणि ती एफ/४ हवी असेल तर तिचे वजन तीन किलोच्या घरात जाते, किंमतही एखाद्या चारचाकीइतकी होते. ती लेन्स मी घेणार नाही, आणि घेतली तरी माझा उजवा खांदा तिला उचलू देणार नाही.

म्हणून मी तुलना सेन्सरऐवजी काचेची केली. दूरच्या पक्ष्याकडून येणारा प्रकाश किती गोळा होतो, हे लेन्सच्या प्रवेशद्वाराच्या व्यासावर ठरते, आणि तो व्यास काढणे सोपे आहे: मिमीला एफच्या आकड्याने भागायचे. ३०० भागिले ४ म्हणजे ७५ मिमी. फुल फ्रेमवर मला परवडेल आणि पेलेल अशी लेन्स म्हणजे ६०० मिमी एफ/६.३, तिचा व्यास सुमारे ९५ मिमी. वर्तुळांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर साधारण १.६ येते. म्हणजे हा फायदा स्टॉपच्या दोन-तृतीयांश इतका आहे. ज्या चौपट फरकाच्या धाकाने माणसे घरातले सगळे विकायला काढतात, तो प्रत्यक्ष खांद्यावर घेण्याजोग्या लेन्सपाशी येईपर्यंत दीडपटीच्या थोडा वर उरतो. हे गणित कागदावर मांडले तेव्हा माझ्या निर्णयातला सर्वांत मोठा गुंता सुटला.

तरी दोन-तृतीयांश स्टॉप म्हणजे काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. जूनमध्ये नवरंगाच्या मागे हिंडणाऱ्याला त्याची किंमत माहीत असते. हा पक्षी पावसाच्या तोंडावर विणीसाठी आपल्याकडे येतो, दाट झाडीतल्या जमिनीवरच्या पाचोळ्यात अन्न शोधतो, आणि पहाटे व संध्याकाळी सगळ्यात जास्त बोलतो, म्हणजे उजेड सर्वांत कमी असताना. वर पावसाळी ढग, त्याखाली पानांचे छत, आणि त्याखाली पाचोळ्यावर टुणटुण उड्या मारणारा हिरव्या पाठीचा, पोटाशी लाल, हळदी रंगाचा जीव. तिथे सेकंदाच्या २५० व्या भागाच्या शटरला माझ्याकडे आयएसओ ६४०० सहज लागतो; आयएसओ वाढवला की कमी प्रकाशातही फोटो उजळ येतो, पण दाणे वाढतात. एफ/६.३ च्या लेन्सवर त्याच शटरला १६००० लागेल, पण फुल फ्रेमवरचे १६००० माझ्याकडच्या साधारण ४००० सारखे दिसेल. म्हणजे मी ६४०० चा फोटो घरी आणते, तेव्हा दुसरा ४००० चा आणतो. पिसांच्या बारीक रेघांत हा फरक दिसतो. मी तो शेजारी शेजारी ठेवून पाहिला आहे.

दोन गोष्टींनी तो सुसह्य होतो. नवरंग उड्या मारताना मध्येच दगडासारखा थांबतो, आणि त्या थांबण्यात माझ्या बॉडीचे आणि लेन्सचे मिळून चालणारे स्थिरीकरण कामी येते. हातात धरून, गुडघ्यावर कोपर टेकवून मी ३० व्या भागाचे शटर वापरू शकते आणि आयएसओ तीन पायऱ्या खाली येतो. पक्षी हलला तर हा उपाय कोलमडतो, म्हणून तो बेभरवशाचा आहे. पण थांबलेल्या नवरंगाचे माझे बरेचसे चांगले फोटो त्याच्याच बळावर आलेले आहेत. दुसरे म्हणजे, दाणे काढणारी नवी सॉफ्टवेअर. एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये तशी सोय आली, त्याआधी इतर कंपन्यांची आली होती. ती फुल फ्रेमवाल्यांच्याही उपयोगी पडतात, त्यामुळे दोन्हींमधले अंतर त्यांनी कमी होत नाही. मात्र माझ्यासाठी जो फोटो पूर्वी टाकाऊ होता, तो आता छापण्याजोगा होतो, आणि मला स्पर्धा दुसऱ्याच्या फाइलशी करायची नसून भिंतीवरच्या छापील कागदाशी करायची असते.

भिगवणने मात्र मला खरोखर हलवले. उजनीच्या फुगवट्यावर आम्ही दोघी एका होडीत होतो. मैत्रिणीकडे निकॉनचा झेड८ आणि ६०० मिमी एफ/६.३ होती. २०२३ मध्ये आलेली ही लेन्स माझ्या युक्तिवादाची कसोटी पाहणारी आहे, कारण तिचे वजन स्टँडच्या पायासकट १४७० ग्रॅम आहे, आणि माझी ३०० मिमी पायासकट १४७५ ग्रॅम भरते. छोट्या सेन्सरसाठी घडवलेली लेन्स आणि मोठ्या सेन्सरसाठी घडवलेली लेन्स, दोन्ही एकाच वजनाच्या. मायक्रो फोर थर्ड्सने ज्या हलकेपणावर आपली ओळख उभी केली, त्याला एका विशेष काचेच्या साह्याने दुसऱ्यांनी गाठले होते. बॉडीत फरक राहतो, ओएम-१ ही ५९९ ग्रॅम आणि झेड८ ही ९१० ग्रॅम; पण सगळे मिळून तो तीनशे ग्रॅमचाच.

"ताई, ऑस्प्रे बसलाय खुंटावर," होडीवाल्याने हळूच सांगितले आणि वल्हे पाण्यात टेकवून होडी थांबवली. बुडालेल्या बाभळीच्या टोकावर तो मासे मारणारा शिकारी पक्षी बसला होता, पंजात अर्धा खाल्लेला मासा. मैत्रिणीने स्वतःचा कॅमेरा माझ्या हातात दिला. पक्षी उठला, पाण्याला समांतर गेला, आणि किनाऱ्यावरच्या वेड्या बाभळींच्या जाळीसमोरून वळला. व्ह्यूफाइंडरमधला छोटा चौकोन त्याच्या डोळ्यावरून ढळला नाही. अशा वेळी माझा कॅमेरा निम्म्या वेळा पक्ष्याला सोडून मागच्या फांद्यांकडे धावतो, हे मला चांगलेच ठाऊक होते. घरी फाइल उघडल्यावर आणखी एक गोष्ट जाणवली: ४५ मेगापिक्सेलच्या फोटोतून पक्षी कापून मोठा केला, तरी माशाचे खवले मोजता येत होते. माझ्याकडे २० मेगापिक्सेल आहेत. एवढे कापायची मुभा मला नाही.

त्या आठवड्यात मी जुन्या वस्तू घेणाऱ्या एका दुकानात माझ्या सगळ्या सामानाचा भाव विचारून आले. दुकानदाराने लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशी आहे का ते पाहिले, "मॅडम, ठेवलंय फार छान," म्हणाला, आणि आकडा सांगितला. तो माझ्या अपेक्षेपेक्षा बराच खाली होता. दोष दुकानदाराचा नव्हता. या माउंटचे गिऱ्हाईक आपल्याकडे कमी, त्यामुळे वस्तू त्याच्याकडे पडून राहण्याचा धोका जास्त. सगळे विकून हाती आले असते त्यात नवी ६०० मिमी लेन्ससुद्धा पूर्ण बसत नव्हती, आणि त्या लेन्सची किंमत तिच्यासोबत लागणाऱ्या बॉडीपेक्षाही जास्त आहे. मॅक्रो लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या, कार्डे हे सगळे त्याच्या पुढे. तरी मी पैशापाशी थांबले नाही. पैसा हे कारण असते तर मी तो साठवला असता आणि दोन वर्षांनी बदलले असते. थांबवले ते आंबोलीने.

आंबोली सिंधुदुर्गात, सावंतवाडी तालुक्यात, घाटमाथ्यावर आहे. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. रात्री जेवणानंतर बॅटरी घेऊन आपण बाहेर पडतो तेव्हा सगळे रान बोलत असते. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांच्या पानांत मलबारच्या उडत्या बेडकांनी फेसाची घरटी केलेली असतात. वाटेवरच्या करवंदीच्या जाळीत मलबारी चापडा हा साप वेटोळे घालून निश्चल बसलेला असतो. पायात बूट, बुटात जळवा, मानेत आणि खांद्यात पकडलेली छत्री, एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात फ्लॅशचा उजेड मऊ करणारा डिफ्यूजर, अशा अवस्थेत तिथे काम करायचे असते. ट्रायपॉड लावायला निसरड्या उतारावर जागा नसते, आणि लावताना एखादे अंडे किंवा पिल्लू पायाखाली जाण्याचा धोका असतो, म्हणून मी तो नेतच नाही.

मॅक्रोत सेन्सरचे गणित उलटे फिरते, आणि हे मला स्वतः काढल्यावरच पटले. बेडूक अंगठ्याच्या नखाएवढा असतो तेव्हा अडचण उजेडाची नसते, खोलीची असते, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो त्याची. डोळा स्पष्ट आला तर नाकपुडी धूसर, नाकपुडी आली तर बोटे धूसर. ही खोली मिळवायला मी एफ/८ वापरते. तेवढीच खोली तेवढ्याच चौकटीत फुल फ्रेमवर हवी असेल तर एफ/१६ लावावा लागतो, आणि तिथे जाताच मोठ्या सेन्सरने कमावलेले दोन स्टॉप तो परत देऊन टाकतो. दाणे सारखे, खोली सारखी, दोन्हींकडे आलेला प्रकाशही सारखा. सारखे नाही ते वजन: माझी ६० मिमी मॅक्रो १८५ ग्रॅमची आहे, निकॉनची १०५ मिमी मॅक्रो ६३० ग्रॅमची. पक्ष्यांच्या लेन्समध्ये जो हलकेपणा इतरांनी गाठला, तो इथे अजून गाठलेला नाही. एका हाताने कॅमेरा धरून पाऊण तास ओणवे राहायचे असते, तिथे हा साडेचारशे ग्रॅमचा फरक मनगटाला कळतो.

आणखी एक सोय आहे, जी मला सोडवत नाही. ओएम-१ एकामागून एक फोकस पुढे सरकवत फोटो घेतो आणि आतल्या आत ते जोडून एक फोटो तयार करतो. पंधरापर्यंत फ्रेम जोडता येतात. पानावर शांत बसलेल्या बेडकाचे नाकापासून मागच्या पायापर्यंत सगळे स्पष्ट असलेले चित्र तिथेच, पावसात, पडद्यावर दिसते. जुळणी फसली असेल तर ते लगेच कळते आणि पुन्हा काढता येते. बेडकाला हात लावून, उचलून, 'नीट' बसवून फोटो काढणारे लोक आंबोलीत पाहिले की मला मनापासून वाईट वाटते. बेडकाची त्वचा ही त्याची श्वास घेण्याची जागा असते आणि आपल्या हाताला मीठ, साबण, डास पळवणारे मलम असे काय काय लागलेले असते. जे यंत्र त्याला न हलवता, तो बसला आहे तिथेच त्याचा पूर्ण फोटो घेऊ देते, ते माझ्यासाठी अधिक मोलाचे आहे. इतर कंपन्यांचे कॅमेरेही फोकस सरकवत फ्रेम घेतात, पण बहुतेक वेळा जोडणी घरी संगणकावर करावी लागते, आणि त्यातला दोष कळतो तेव्हा आपण पुण्यात असतो.

पावसाची गोष्ट तर आहेच. या बॉडीला आयपी५३ हे मानांकन आहे, म्हणजे तिरपे येणारे पाण्याचे तुषार ती झेलू शकते, हे कंपनीने आकड्यात लिहून दिलेले आहे. चांगल्या बॉडी आता सगळ्यांच्याच सीलबंद असतात, पण असा आकडा फार थोड्या देतात. आंबोलीहून परतल्यावर सगळे सामान पुसून, पंख्याखाली वाळवून ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवायचे, आर्द्रतेचा काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये आहे का ते पाहायचे, हा माझा नेम आहे. लेन्स बदलताना हात कसे चालतात, कोणती कळ कुठे आहे, हे अंधारात बोटांनाच ठाऊक आहे. निकॉनच्या लेन्स माझ्या सवयीच्या उलट्या दिशेने फिरवून बसतात. दिवसाउजेडी हे आठवड्यात अंगवळणी पडेल. पण चिखलात, छत्रीखाली, डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडात ते पुन्हा शिकायला दोन पावसाळे तरी जातील, आणि माझ्या वयाला पावसाळे मोजूनमापून खर्च करावे लागतात.

दोन्ही माउंट ठेवायचा पर्याय अनेकांनी सुचवला. पक्ष्यांना एक, बेडकांना दुसरा. काही जण तसे करतात आणि सुखी आहेत. मला ते जमणार नाही असे वाटते, कारण दोन कॅमेऱ्यांची बोटांना झालेली सवय एकमेकींत मिसळते आणि ऐन वेळी हात चुकीच्या कळीकडे जातो. शिवाय जूनमधल्या एकाच सकाळी नवरंग आणि त्याच वाटेवरचा कोळी असे दोन्ही भेटतात. तेव्हा पाठीवर दोन संसार घेऊन रान चढायची माझी तयारी नाही.

म्हणून मी राहिले आहे. भिगवणच्या त्या सकाळचे मला वाईट वाटत नाही, असे नाही. ऑस्प्रेचे तसे फोटो माझ्याकडून येणार नाहीत, आले तरी दहातला एखादा येईल, आणि ते मी समजून उमजून सोडले आहे. कवड्या खंड्या पाण्यावर थबकून सूर मारतो तेव्हा मात्र शटर पूर्ण दाबण्याच्या आधीच्या फ्रेम जपून ठेवणारी सोय माझ्या कॅमेऱ्यात आहे, रॉ म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलसकट. त्यामुळे भिगवणला जाणेही थांबणार नाही. तिथे उडणाऱ्यापेक्षा थबकणाऱ्या आणि बसणाऱ्या पक्ष्यांकडे माझे लक्ष अधिक राहील.

हा निर्णय मी जन्माचा मानत नाही. ओएम-१ ला लागणाऱ्या बीएलएक्स-१ बॅटऱ्या आपल्याकडे बिलासह मिळेनाशा झाल्या, किंवा बॉडीच्या दुरुस्तीला सुटे भाग येईनासे झाले, तर मी भावनेच्या भरात थांबून राहणार नाही. आणि पुढे कधी बेडकांपेक्षा रानातल्या अंधारातले पक्षी मला अधिक ओढू लागले, रातवा, घुबडे, नवरंग यांच्याच मागे माझी वर्षे जाऊ लागली, तर ९५ मिमीच्या काचेचा विचार पुन्हा करावा लागेल. भाच्याला हे सगळे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मावशी, तू कंपनीत नाही राहिलीस, आंबोलीत राहिलीस." मी हो म्हटले.

नव्या बॉडीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून मी ९० मिमी एफ/३.५ मॅक्रो घेतली आहे. ४५३ ग्रॅमची, म्हणजे ६० मिमीपेक्षा बरीच जड; पण ती वस्तूला सेन्सरवर दुप्पट मोठे करते आणि तिच्यामुळे बेडकापासून जास्त अंतरावर राहता येते. या जुलैत आंबोलीच्या सड्यावर, जांभ्या दगडातल्या उथळ डबक्यांत, आंबोली टोड या बेडकाची पाण्यातली शेपटीवाली पिल्ले पाहायची आहेत. हा टोड २००९ मध्ये विज्ञानाला नव्याने कळला आणि आंबोलीच्या परिसराबाहेर तो जवळजवळ नाहीच. डबक्यातले पाणी बोटभर असते, वर पावसाचे थेंब सतत पडत असतात, आणि पृष्ठभागाची चमक काढण्यासाठी फ्लॅश कोणत्या कोनात धरावा लागेल हे अजून ठरवायचे आहे.